तीन पाटील आणि कोरं रजिस्टर

राजीनामा मी तीनदा लिहिला. पहिला मराठीत, कारण रागात माणूस आपल्याच भाषेत लिहितं. ऑफिसातल्या क्लार्कनं तो न वाचताच परत केला, "इंग्लिशमध्ये आणा सिस्टर." दुसरा इंग्रजीत लिहिला, पण त्यात कारण लिहिलं. तोही परत आला. "पर्सनल रीझन एवढंच लिहा. बाकी मजकूर नको." तिसऱ्या कागदावर तेवढेच दोन शब्द, खाली सही आणि तारीख, १ सप्टेंबर २०२३. त्यावर मात्र लगेच शिक्का बसला.

बेळगावातल्या एका १२० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मी पाच वर्षं काढली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळा, मग पीयूसी म्हणजे बारावी सायन्स, मग तीन वर्षं जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा. फीसाठी बाबांनी सोसायटीत आईचं सोनं ठेवलं होतं. २०१८ साली जॉइन झाले तेव्हा ऑफिसनं माझी एसएसएलसी आणि पीयूसीची मार्क्स कार्डं, डिप्लोमा, कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं ओरिजिनल मागून घेतलं. "दोन वर्षांचा बॉन्ड आहे, तोवर आमच्याकडं सेफ राहतील." घरी येऊन सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे हेही गहाणच की." मी हसले. तेव्हा पगार नऊ हजार होता आणि हातात पहिली नोकरी होती, हसू येतंच.

माझी ड्युटी मेल मेडिकल वॉर्डला. ३२ खाटा. मॉर्निंग आठ ते दोन, आफ्टरनून दोन ते आठ, आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. दिवसा तिघी, रात्री दोघी. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी स्वतः उत्तर लिहिलं होतं, केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषानं जनरल वॉर्डात सहा खाटांमागे एक नर्स हवी, वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी जादा नर्सेस. त्या हिशेबानं रजेची भर सोडली तरी वॉर्डात पाचांहून जास्त जणी लागतात. उत्तराला चांगले मार्क मिळाले होते.

तरी पहिली तीन वर्षं मी तिथं आनंदात होते, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. त्याचं कारण आमच्या इनचार्ज सिस्टर. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मराठीही आणि कन्नडही, कारण हा शब्द दोघांचाही. बावीस वर्षांची सर्व्हिस. रोस्टर त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आधी पेन्सिलीनं करायच्या आणि मगच पेननं. शेजारी एक वही असायची. त्यात कुणाच्या पोराची परीक्षा कधी, कुणाच्या आईचं डायलिसिस कुठल्या वारी, कुणाच्या गावची यात्रा. आमच्या भागात गावची लक्ष्मी यात्रा कुठं पंधरा, कुठं वीस वर्षांनी येते. त्या यात्रेला रजा नाकारलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही, हे अक्कांना माहीत होतं. १ नोव्हेंबरला तर त्यांची खरी कसोटी. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, शहरात अर्धे रस्ते बंद. अक्का आदल्या दिवशीच विचारायच्या, "कोण कुठनं येऊलंय उद्या?" आणि त्याप्रमाणं ड्युट्या लावायच्या. कोण कुठल्या बाजूचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

वॉर्डातली भाषा म्हणजे खिचडी. माझ्याबरोबर नाईटला असायचा तो ब्रदर गोकाककडचा. ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पेशंट पुढच्याकडं सोपवताना, म्हणायचा, "नाईन नंबर, शुगर स्वल्प जास्ती, इन्सुलिन चालू, यूरिन कम्मी, बघून घे." मला यातलं सगळं कळायचं. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळलं नसतं. हसूनखेळून दिलेल्या ओव्हरमध्ये माणूस चार गोष्टी जास्त सांगतो, हे मला नंतर उलट्या बाजूनं कळलं. वातावरण आंबलं की ओव्हर दोन मिनिटांत संपायला लागली. केस शीटवर आहे तेवढंच. "चेहरा काळजीचा वाटतो, लक्ष ठेव" हे केस शीटवर लिहिता येत नाही.

२०२२ मध्ये नवीन मॅनेजर आले आणि रोस्टर ऑफिसात गेलं. कॉम्प्युटरवर, सगळ्या वॉर्डांचं एकत्र. आपापसात ड्युटी बदलायची तर दोन दिवस आधी मेल करायची. कॉम्प ऑफ, म्हणजे जादा ड्युटीच्या बदली सुट्ट्या, साठत जायचे आणि वर्षअखेरीला रद्द व्हायचे. अक्कांच्या हातात फक्त हजेरीचं रजिस्टर उरलं. ती वही मात्र त्यांनी सोडली नाही. कशाला ठेवलीय विचारलं तर म्हणायच्या, "असू दे गे, सवय."

आता त्या रात्रीबद्दल. फेब्रुवारी २०२३. वॉर्डात २९ पेशंट, त्यात पाटील तीन: ११ नंबर, १४ नंबर, १९ नंबर. बेळगावातल्या कुठल्याही वॉर्डात हाक मारा, दोन पाटील उठून बसतात, त्यात नवल काही नाही. रात्री एकला फोन आला, आयसीयूला स्टाफ कमी आहे, एकीला पाठवा. माझी जोडीदारीण गेली. सकाळी सहाची इंजेक्शनं मी एकटीनं भरली. ट्रेवर चिकटपट्टीचे तुकडे, त्यावर पेननं नंबर. १४ नंबरचं पॅन्टोप्राझॉल मी ११ नंबरला दिलं. सलाईनच्या नळीत सोडून झालं आणि सिरिंज टाकताना पट्टीवरचा चार दिसला. तो एकासारखा दिसत होता असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. चार तो चारच होता. मी पाहिलाच नव्हता. आडनाव ऐकलं आणि हात पुढं गेला.

आम्लपित्ताचं साधं औषध, दुसऱ्याला चुकून गेलं तरी सहसा काही होत नाही. पण माझे तळवे गार पडले. ट्रेमध्ये त्याच्या शेजारीच दुसरी सिरिंज होती, इन्सुलिनची. आरएमओना, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं, बीपी-पल्स बघितलं, दर पंधरा मिनिटांनी बघत राहिले. ११ नंबरच्या पाटील काकांनाही सांगितलं, काका, तुमचं नसलेलं इंजेक्शन गेलंय, पोटाचं आहे. ते म्हणाले, "मग बरंच की बाई, काल भजी खाल्ली होती." पथ्यावरचा पेशंट. मला हसावं की रडावं कळेना.

ड्युटी संपल्यावर मी इन्सिडंट फॉर्म भरला. कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलच्या मानांकनाच्या तयारीच्या वेळी आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं आणि त्यात हे चारदा बजावलं होतं, की इन्सिडंट रिपोर्ट शिक्षेसाठी नसतो, चूक कशी घडली ते शोधण्यासाठी असतो. मी त्यावर विश्वास ठेवला. कारणांच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: नाव न विचारता औषध दिलं, रात्री एक ते सहा वॉर्डात एकटी, एकाच आडनावाचे तीन पेशंट. उपाय म्हणून लिहिलं, सारख्या आडनावांच्या केस शीटवर रंगीत स्टिकर लावावा.

सोमवारच्या मीटिंगला चाळीसेक जण होते. मॅनेजरनी माझा फॉर्म पडद्यावर लावला. नाव झाकलं नव्हतं. कारणांपैकी पहिलंच वाचून दाखवलं, "नाव न विचारता औषध दिलं", आणि विचारलं, "ही नर्सिंग आहे का?" पुढची दोन कारणं वाचलीच नाहीत. मेमो, आणि पगारातून पाचशे कापले. मागून अक्का उठल्या. "सर, त्या रात्री दुसरी सिस्टर आयसीयूला कुणी नेली?" त्यांना बसायला सांगितलं. बावीस वर्षांच्या सिस्टरला, लहान पोरीला सांगावं तसं. त्या बसल्या. पाचशे रुपये मी केव्हाच विसरले, पण अक्का बसल्या तो आवाज, त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा, अजून कानात आहे.

यानंतर काय झालं असेल ते कुठल्याही नर्सला विचारा, ती न बघता सांगेल. इन्सिडंटचं रजिस्टर कोरं पडलं. मार्च, निरंक. एप्रिल, निरंक. मे, निरंक. वॉर्डात पेशंट खाटेवरून घसरले, सलाईनच्या हाताला सूज आली, एका रात्री ऑक्सिजनचा सिलेंडर रिकामा निघाला. सगळं आम्ही आपापसात निस्तरलं. नवीन आलेल्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायचं, "तसलं काही लिहू नको हं, त्या अक्काचं काय झालं माहितीय काय?" त्यातली अक्का म्हणजे मी. पाच वर्षांत मीही अक्का झाले होते, पण ती अशी.

१२ मेला नर्सेस डे. दिवे लावले, शपथ घेतली, पांढऱ्या क्रीमनं नर्सची टोपी रेखलेला केक कापला. आणि मॅनेजरनी सांगितलं की आपल्या हॉस्पिटलात सलग अडीच महिने एकही इन्सिडंट नाही, हे सगळं तुमचं यश. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात वाजवत असताना बाजूला बघितलं तर गोकाकचा ब्रदर वाजवत होता, अक्का वाजवत होत्या. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या टाळ्या वाजवतानाच माझं ठरलं.

लोकांना वाटतं आम्ही पगारासाठी सोडतो. पगारही होताच कारण, नाही कोण म्हणतंय. सोडताना १४,५०० मिळत होते. एकदा नाईटला ब्रदरनं मोबाईलवरून वाचून दाखवलं होतं: ट्रेंड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं २९ जानेवारी २०१६ ला सांगितलं आणि केंद्रानं समिती नेमली. समितीची शिफारस अशी की दोनशेच्या वर खाटा असल्या तर सरकारी नर्सएवढा पगार, शंभरच्या वर असल्या तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला पंचवीस टक्के कमी, आणि अगदी पन्नासच्या आतल्या हॉस्पिटललासुद्धा वीस हजारांच्या खाली नाही. मी विचारलं, "आपल्या १२० खाटा ना?" तो म्हणाला, "शिफारस आहे गे ती, नियम नाही." दोघं हसलो आणि दोनची टेंपरेचर घ्यायला उठलो. पगार कमी आहे हे जॉइन होतानाच माहीत होतं. ते माहीत असून राहिलोच की.

नोटिशीचा महिना. नाईट लागल्या सलग आठ. दुपारी जेवायला बसले की काही मुली उठून दुसऱ्या टेबलावर जायच्या. राग नव्हता त्यांचा, माझ्याबरोबर दिसायचं नव्हतं. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, त्या रात्रीची ड्युटीही माझी. बेळगावचं विसर्जन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, कपिलेश्वर तलावाकडं जाणारी मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. खिडक्यांच्या काचा ढोल-डॉल्बीनं थरथरत होत्या आणि हार्टचे दोन पेशंट झोपेना, त्यांच्या कानात कापूस घातला. सकाळी आठला मॉर्निंगचं कुणीच पोचलं नाही. नऊ झाले. साडेनऊला एक जण आली, चपला हातात, ड्रेसवर गुलाल. टेबल सोडून उठणाऱ्यांतलीच ती. रस्ता बंद म्हणून वडगावपासून चालत आली होती. "जा गे तू," म्हणाली, "ओव्हर नको, मी बघून घेते." मी तिला पूर्ण ओव्हर दिली, २७ पेशंटची, एकेक खाटेशी उभं राहून. तिनंही ऐकून घेतली. बऱ्याच महिन्यांत तशी ओव्हर झाली नव्हती.

मग नो ड्यूज, म्हणजे माझ्याकडं कुणाचं काही बाकी नाही याचा कागद. नऊ सह्या. फार्मसी, स्टोअर, लिनन, अकाउंट्स, कॅन्टीन वगैरे, आणि लायब्ररी. हॉस्पिटलला लायब्ररी आहे हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं. एक कपाट होतं, त्याची किल्ली रिसेप्शनला, आणि रिसेप्शनिस्टनंच सही केली. स्टोअरनं माझ्या नावावर एक पल्स ऑक्सिमीटर काढला. कोविडात हरवलेला. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं नर्सेसचं वर्ष ठरवलं होतं, त्याच वर्षी पीपीईच्या आत घामानं भिजत आम्ही तो एकच ऑक्सिमीटर तीन वॉर्डांत फिरवत होतो. बाराशे रुपये कापले.

सगळ्या सह्या झाल्यावर ओरिजिनल कागद मागितले तर उत्तर आलं, फायनल सेटलमेंट झाल्यावर, ४५ दिवसांनी. बॉन्ड दोन वर्षांचा, तो २०२० मध्येच संपलेला. मला कोल्हापूरला नोकरी मिळाली होती, आणि महाराष्ट्रात काम करायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी लागते, तिला हे कागद लागतात. इथं ब्रदरची अक्कल कामी आली. भांडू नको, म्हणाला. एक अर्ज लिही, कुठले कुठले कागद कुठल्या तारखेला दिले त्याची यादी कर, बॉन्ड संपल्याची तारीख लिही, खाली "प्रत: कामगार अधिकारी" असं घाल आणि इनवर्डला देऊन दुसऱ्या कॉपीवर शिक्का घे. प्रत खरंच पाठवायची की नाही ते नंतर बघू. एवढा साधा कागद, पण तिसऱ्या दिवशी फोन आला, या आणि घेऊन जा.

क्लार्कनं माझ्यादेखत लोखंडी कपाट उघडलं. मला वाटलं होतं चार-दोन फायली असतील. वरच्या दोन्ही खणांत नुसत्या फायली, पिवळ्या, निळ्या, नाडीनं बांधलेल्या. माझी ओढून काढली तर खालची घसरून जमिनीवर पडली. मी उचलली. नाव ओळखीचं. चंदगडकडची मुलगी, माझ्याच बॅचला जॉइन झालेली. तिचं गाव महाराष्ट्रात, ड्युटी इथं. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये हद्दीवर रोज अडवणूक, आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा. महिनाभर तिनं रेटलं, मग एक दिवस आलीच नाही. पुढं लग्न झाल्याचं कळलं. रजिस्ट्रेशनशिवाय ती नर्स म्हणून कुठं काम करत असेल? "हिची देता का, मी पोचवते," मी म्हटलं. "स्वतः यायला लागतंय," क्लार्क म्हणाला, आणि फाईल परत खणात कोंबली. त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. आधी तर तिला विश्वासच बसेना की ते कागद मागता येतात. अर्जाचा नमुना व्हॉट्सअॅपवर पाठवला.

माझे कागद घरी उघडले तर टाचणीचा गंज एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर उमटला होता, बरोबर मराठीच्या मार्कांवर.

पुढचं थोडक्यात सांगते. बेळगावकरांचं नशीब असं की एक कौन्सिल बेंगळूरला, दुसरं मुंबईला, दोन्हीकडं साधारण पाचशे किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन सकाळी बेंगळूर, कामं करून रात्री परत. आता नर्सेसच्या राष्ट्रीय रजिस्टरमध्ये नाव घालून एनयूआयडी नंबर मिळतो, त्यासाठी आधार जुळावं लागतं. माझं अडलं नावावर. आमच्याकडं शाळेत नुसती इनिशियल्स लिहितात, आणि महाराष्ट्राच्या फॉर्मला स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं पूर्ण हवं. मी एकच बाई आहे हे सांगायला स्टॅम्प पेपरवर नोटरी केली. ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांनी आधी सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत मांडून बघावीत, निम्मा वेळ वाचतो.

कोल्हापुरात आता दीड वर्ष झालं. स्वर्ग नाही. पगार १९ हजार, तोही दहा तारखेनंतर. पेशंटमध्ये निपाणी-चिकोडीकडचे बरेच येतात, मी कन्नडात बोलले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. गावाला जाताना कागलपर्यंत अर्धं तिकीट, आणि निपाणीत बस बदलली की कर्नाटकचं आधार दाखवून शून्याचं तिकीट, शक्ती योजनेचं. इथंही पाटील आहेत, चिक्कार. पहिल्याच महिन्यात इथल्या इनचार्जनी विचारलं, "तुमच्याकडं सारख्या नावांना काय करत होता?" मी स्टिकरचं सांगितलं. त्यांनी स्टेशनरीतून नारिंगी स्टिकर मागवले. इन्सिडंट रजिस्टरमध्ये इथं नोंदी असतात. माझीही एक आहे.

परवा रात्री साडेदहाला अक्कांचा फोन आला. एवढ्या उशिरा त्या कधी करत नाहीत. आधी इकडचं तिकडचं झालं, भाताची कापणी, गोकाकच्या ब्रदरला मुलगी झाली, वॉर्डात तीन नवीन पोरी आल्यात आणि तिन्ही घाबरट. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "काय गे, माझं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर आहे आणि आधार सासरच्या. त्या एनयूआयडीला चालतंय काय? का तुझ्यासारखी नोटरी करायला लागते?"